निमोची शेपटी झडतेय? औषधाची बाटली उघडण्याआधी आधी पाणी तपासा

सिंधुदुर्ग : सकाळी खाद्य टाकायला गेल्यावर टाकीतला एखादा मासा कोपऱ्यात गप्प उभा दिसतो. नीट बघितलं तर शेपटीची कड कुरतडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे पर फाटलेले. मग मोबाईलवर फोटो काढून दुकानदाराला पाठवला जातो, तो एका औषधाचं नाव सांगतो, औषध टाकीत पडतं आणि चौथ्या दिवशी जे मासे बरे होते तेही तळाला आडवे. खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे पाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला पहिल्या वर्षात हा अनुभव येतोच.

किनारपट्टीच्या गावांत आता या माशांची ओळख वाढली आहे. कुणी होमस्टेच्या पडवीत पर्यटकांसाठी टाकी ठेवतो, कुणी जोडधंदा म्हणून पिल्लं वाढवायला घेतो. यात सगळ्यांत लाडका मासा म्हणजे क्लाउनफिश. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा 2003 साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या सिनेमानंतर सगळीकडे 'निमो' म्हणूनच ओळखला जातो. केरळातील विळिंजम आणि तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं बंदिस्त टाकीत प्रजनन करून दाखवलं. आपल्या राज्यातही ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी सुरू केली.

पण हा मासा कालवणाचा नाही. पापलेटाची शेपटी तुटली म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही, निमोची तुटली तर जातं. फाटक्या परांचा मासा व्यापारी बाजूला काढतो. चार महिने खाद्य, वीज आणि मेहनत घालून वाढवलेला लॉट शेवटच्या पंधरा दिवसांत कवडीमोल होऊ शकतो. म्हणून पर का फाटतात आणि ते कसे बरे होतात, हे समजून घेणं गरजेचं आहे.

पर म्हणजे काय?

पर म्हणजे दुकानदार ज्याला फिन म्हणतात ते. पाठीवर, पोटाखाली, दोन्ही बाजूंना आणि शेपटीला पर असतात. बारीक काट्यांच्या काड्यांवर पातळ कातडी ताणून बसवलेली असते, जणू छत्रीच्या काड्यांवर कापड. या कातडीत रक्त खेळतं. त्यामुळे मासा आजारी पडला, पाणी बिघडलं किंवा भांडण झालं, तर त्याची खूण बऱ्याचदा आधी परांवर दिसते.

चांगली गोष्ट ही की पर पुन्हा येतात. काड्यांचं मूळ म्हणजे अंगाला चिकटलेला भाग शाबूत असेल तर नवी कातडी आणि नव्या काड्या फुटतात. पण कुजणं मुळापर्यंत पोचलं, तर पर परत येत नाही किंवा वेडावाकडा येतो. म्हणजे जी काही धावपळ करायची ती मुळापर्यंत पोचण्याआधी.

एकच लक्षण, कारणं सहा

आंब्याचं पान करपलं की काही जण लगेच बुरशीनाशकाचा पंप पाठीला लावतात. पण पान पाण्याच्या ताणाने करपतं, खताच्या जादा मात्रेनेही करपतं आणि बुरशीनेही करपतं. परांचंही तसंच आहे. औषधाच्या आधी कारण ओळखायला हवं. टाकीसमोर दहा मिनिटं शांत बसून बघितलं तर पुढच्यातलं नेमकं काय, हे बऱ्यापैकी कळतं.

1) चावा : परांना स्वच्छ, अर्धगोल किंवा त्रिकोणी खाच पडलेली असते. कड पांढरी किंवा चिकट नसते. एक-दोन मासेच जखमी, बाकी ठणठणीत. जखमी मासा लपून बसतो आणि दुसरा त्याच्या मागे लागलेला दिसतो.

2) जाळी किंवा प्रवासाची इजा : पर काड्यांच्या मधून उभा चिरलेला असतो. मासे आणल्यावर किंवा टाकी बदलल्यावर लगेच दिसतं. पुढे वाढत नाही.

3) बिघडलेलं पाणी : एकाच वेळी बऱ्याच माशांना त्रास होतो. पर अंगाला मिटून धरलेले, परांवर लालसर रेघा, श्वास जोरात. खाणं कमी होतं.

4) जिवाणूंची कूज : कड वेडीवाकडी, झिजलेली, कडेला पांढरट किंवा राखाडी पट्टी, मुळाशी लाली. आज जेवढं आहे त्यापेक्षा उद्या जास्त. समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओसारखे जिवाणू कायम असतात. धडधाकट माशाला ते सहसा काही करत नाहीत. आधी चावा, ताण किंवा घाण पाणी, आणि त्यावर जिवाणू, असा क्रम असतो.

5) परजीवी : परांवर आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, किंवा पिठीसारखी बारीक धूळ, किंवा अंगावरून सुटणारे पांढरट चिकट पापुद्रे. मासा दगडाला अंग घासतो, भराभर श्वास घेतो. चिकट पापुद्र्यांचा रोग क्लाउनफिशमध्ये इतका दिसतो की त्याला 'क्लाउनफिशचा रोग' असंच नाव पडलं आहे.

6) गाठी : परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरट बारीक गाठ. हा विषाणूजन्य आजार असतो. त्यावर औषध नाही. पाणी चांगलं आणि मासा शांत ठेवला तर बहुतेक वेळा गाठी काही आठवड्यांत आपोआप गळतात. ब्लेडने कापायला जाऊ नये.

पहिली तपासणी पाण्याची

कारण कुठलंही वाटो, सुरुवात पाण्यापासून करायची. क्लाउनफिशसाठी क्षारता 30 ते 35 पीपीटी, म्हणजे एक किलो पाण्यात 30 ते 35 ग्रॅम क्षार, तापमान 25 ते 28 अंश आणि पीएच 8 ते 8.4 असावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट लागतं. औषधाच्या दोन-तीन बाटल्या घेण्यापेक्षा हा खर्च केव्हाही शहाणपणाचा.

अमोनिया येतो कुठून? माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून, मेलेल्या माशातून. गोड्या पाण्यात मासे पाळलेल्यांना वाटतं, थोडा अमोनिया चालतो. पण खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त असतो आणि पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच 7 असताना जेवढा भाग विषारी असतो, त्याच्या दहापटीहून जास्त भाग 8.2 ला विषारी असतो. तापमान वाढलं की आणखी भर पडते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली टाकी सगळ्यांत आधी दगा देते.

टाकी नवी असेल तर जास्तच सांभाळायला हवं. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे भरले की पर झडणारच.

मीठ टाकू नका

गावात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'मूठभर मीठ टाक'. गोड्या पाण्यातल्या माशाला मिठाचा उपयोग होतो, कारण मीठ तिथल्या जंतूंना सोसत नाही. पण निमो राहतोच खाऱ्या पाण्यात. त्याचे जंतूही खाऱ्या पाण्यातलेच. आणखी मीठ टाकून क्षारता वाढते आणि आधीच थकलेल्या माशावर जादा ओझं पडतं.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक म्हणजे टाकीतलं पाणी आटलं की समुद्राचं पाणी ओतून भरणं. आटतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. त्यामुळे आटलेल्या पाण्याची भरपाई क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याने करायची. पाणी काढून बदलताना मात्र तेवढ्याच क्षारतेचं खारं पाणी घालायचं.

हळद, कडुलिंबाचा पाला, पोटॅशियम परमँगनेट हेही टाकीत टाकू नये. परमँगनेटची मात्रा जरा चुकली तरी कल्ले भाजतात.

कारणानुसार उपाय

चावा असेल तर भांडण मोडायचं. क्लाउनफिशमध्ये मान ठरलेला असतो. टोळीतला सगळ्यांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर आणि बाकी सगळे खालच्या पायरीवर. मादी गेली तर तो नरच मादी बनतो. हा मान टिकवायला मोठे लहानांच्या शेपट्या तोडतात. म्हणून वाढवण्याच्या टाकीत दर काही दिवसांनी आकारानुसार वेगवेगळे गट करावेत. मोठे मोठ्यांत, बारके बारक्यांत. खाद्य एकदम न टाकता दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं टाकावं. उपाशी पिल्लं एकमेकांची शेपटी कुरतडतात. प्रौढ मासे जोडीनेच ठेवावेत. गुंड मासा एकच असेल तर जखमी माशाला नव्हे, गुंडालाच बाहेर काढावं.

जाळीची इजा असेल तर औषध लागत नाही. स्वच्छ पाणी आणि शांतता पुरते. पुढच्या वेळी मासा जाळीने उचलण्याऐवजी प्लास्टिकच्या मगात पाण्यासकट घ्यावा. बाहेरून मासे आणताना निघण्याआधी 24 तास त्यांना उपाशी ठेवलेलं असावं, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. पिशवी आणल्यावर आधी बंदच टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखं करावं. एकदा पिशवी उघडली की मात्र वेळ लावू नये. बंद पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोपर्यंत निपचित असलेला अमोनिया विषारी होतो.

पाणी बिघडलं असेल तर त्याच दिवशी 25 ते 30 टक्के पाणी बदलावं. नवं पाणी आधीच तयार, हवा दिलेलं, त्याच तापमानाचं आणि क्षारतेचं हवं. खाद्य एक दिवस थांबवावं, हवेचा पुरवठा वाढवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून गरज असेल तर परत बदलावं. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याने धुवू नये, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो पिळावा.

कूज असेल तरीही आधी पाणीच. सुरुवातीची कूज स्वच्छ पाणी आणि पौष्टिक खाद्य यावर अनेकदा थांबते. दोन-तीन दिवसांत थांबली नाही, लाली मुळाकडे सरकली किंवा माशाने खाणं सोडलं, तर मासा दवाखान्याच्या टाकीत हलवून जाणकाराच्या सल्ल्याने औषध सुरू करावं.

परजीवी असेल तर थांबायला वेळ नाही. ठिपक्यांचा रोग काही दिवस देतो, पण पिठीसारखी धूळ आणि चिकट पापुद्रे एक-दोन दिवसांत टाकी रिकामी करू शकतात. मासा पंपाच्या धारेत तोंड धरून उभा असेल, श्वास भराभर चालला असेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाला फोन करावा. ठिपके आणि धुळीच्या रोगावर तांब्याचं औषध, तर चिकट पापुद्र्यांवर फॉर्मेलिन वापरतात. दोन्हीची मात्रा बारीक असते. फॉर्मेलिन तर माणसालाही घातक, त्यामुळे जाणकार सोबत नसेल तर हात लावू नये.

दवाखान्याची टाकी कशी करायची?

औषध कधीही मुख्य टाकीत टाकू नये. तांब्याने शंख, कोळंबी आणि समुद्रफूल मरतात. अँटिबायोटिक आणि मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू जातात आणि आठवडाभरात अमोनिया चढतो. सुरुवातीला सांगितलेला 'बरे मासेही मेले' हा प्रकार बऱ्याचदा असाच घडतो. मासे रोगाने नाही, उपचाराने जातात.

त्यासाठी काचेची एक छोटी टाकी बाजूला ठेवावी. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी पाइपाचा तुकडा, एक स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप एवढं पुरे. कोळशाचा फिल्टर असेल तर काढावा, कोळसा औषध शोषून घेतो. इथे रोज पाणी मोजावं आणि गरजेप्रमाणे बदलावं. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच औषध पुन्हा घालावं.

औषधाची मात्रा टाकीच्या नावावर नाही, खऱ्या पाण्यावर काढायची. हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि 1000 ने भागायचं. 45 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद टाकीत 25 सेंमी पाणी असेल तर 45 × 30 × 25 = 33,750, म्हणजे जवळपास 34 लिटर. दुकानात हीच टाकी 40 लिटरची म्हणून विकली जाते. त्या आकड्यावर औषध टाकलं तर मात्रा साधारण 18 टक्के जास्त जाते.

अँटिबायोटिकबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना आपल्या देशात खाण्याच्या मासे-कोळंबी पालनात बंदी आहे. शोभेचे मासे म्हणून ती गुपचूप वापरायची आणि पाणी व्हाळात किंवा खाडीत सोडायचं, हे आपल्याच कालव-खेकड्यांवर आणि कोळंबीवर उलटतं. अर्धवट औषध देऊन थांबवलं तर जिवाणू औषधाला सरावतात. पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही.

पावसाळ्यात विशेष काळजी

जून ते सप्टेंबर या काळात खाडीचं पाणी पावसाने गोडं होतं. किनाऱ्याचं पाणीही गढूळ होतं आणि क्षारता खाली येते. त्यामुळे पाऊस लागण्याआधी चांगल्या भरतीचं स्वच्छ पाणी आणून, गाळून, अंधारात झाकून साठवून ठेवावं. ब्लीचिंग पावडरने पाणी शुद्ध केलं असेल तर भरपूर हवा देऊन किंवा सोडियम थायोसल्फेट वापरून क्लोरीन पूर्ण घालवावं आणि किटने तपासूनच वापरावं. उरलेल्या क्लोरीनने पर आणि कल्ले दोन्ही जळतात.

दुसरा प्रश्न विजेचा. आपल्याकडे वादळी पावसात रात्र रात्र वीज नसते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. वीज गेली की खाद्य बंद. उपाशी मासा दोन दिवस सहज काढतो, गुदमरलेला काढत नाही.

टाकी सजवायला म्हणून समुद्रातून प्रवाळ उचलून आणू नये. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय बाहेरून आणलेल्या ओल्या दगडाबरोबर परजीवी आयतेच टाकीत येतात. नवे मासेही थेट जुन्या टाकीत सोडू नयेत. निदान तीन-चार आठवडे वेगळे ठेवावेत.

हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नये. माशाला त्रास देणारे काही जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

बरं होतंय हे कसं ओळखायचं?

इथे अनेकांची फसगत होते. पर भरायला लागला की कडेला पातळ, पारदर्शक किंवा पांढरट कातडी येते. ती बघून 'पांढरं वाढलं' म्हणत पुन्हा औषध टाकलं जातं. खरी खूण अशी : कूज असेल तर पर दिवसेंदिवस आखूड होतो, भरत असेल तर लांब होतो. रोज एकाच वेळी, एकाच बाजूने मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर फरक लगेच कळतो. मासा खातोय, पर उघडे ठेवतोय, इतरांसोबत फिरतोय, तर हात आवरावा. रंग सगळ्यांत शेवटी येतो. लहान चीर आठवडाभरात सांधू लागते, अर्धी गेलेली शेपटी भरायला काही आठवडे लागतात.

विचारायचं कुणाला?

रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे. विचारताना नुसता फोटो पाठवून उपयोग नाही. सोबत एवढी माहिती द्यावी :

– टाकीत खरं पाणी किती लिटर, मासे किती
– क्षारता, तापमान, पीएच, अमोनिया आणि नायट्राइट यांचे आजचे आकडे
– त्रास कधी सुरू झाला, एकाला की सगळ्यांना
– गेल्या पंधरा दिवसांत काय नवीन केलं : मासे, खाद्य, पाणी, औषध
– माशाच्या पोहण्याचा आणि श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ

एवढं लिहून काढताना अर्ध्या वेळेला उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. गेल्या आठवड्यात फिल्टर नळाखाली धुतला होता, किंवा बारक्या पिल्लांत दोन मोठे राहून गेले होते, हे तेव्हा आठवतं.

म्हणून टाकीशेजारी एक वही लटकवून ठेवावी. रोजची तारीख, पाण्याचे आकडे, किती खाद्य, काय वेगळं दिसलं, एवढंच लिहायचं. गोठ्यात गाय कधी फळली हे जसं भिंतीवर लिहून ठेवतात, तसंच. माशाला बोलता येत नाही. त्याची शेपटी बोलते, आणि ती काय म्हणते ते या वहीवरून लवकर कळतं.